विश्लेषण : ‘सर्वांचे स्वागत’ या पाटीच्या आत काय? पुण्यातल्या ख्रिस्ती मंडळींपुढचा न्यायाचा प्रश्न

चर्चच्या फाटकावर ‘सर्वांचे स्वागत आहे’ अशी पाटी लावायला खर्च फारसा येत नाही. ती पाटी खरी करायला मात्र पिढ्या लागतात. दलित ख्रिस्ती समाजाच्या अनुसूचित जातीच्या दर्जाचा प्रश्न अनेक वर्षे सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या प्रश्नाच्या निमित्ताने चर्च सरकारकडे न्याय मागत आहे, आणि ते योग्यच आहे. पण हाच न्याय मंडळीच्या आत कितपत पोहोचला, हे विचारण्याची वेळही आली आहे. पुण्याला हा प्रश्न नवा नाही. किंबहुना या शहराने तो १८९० साली एका चहाच्या कपावरून पाहिला आहे.

पंचहौदचा चहा आज का आठवायचा?

गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये १४ ऑक्टोबर १८९० रोजी एक कार्यक्रम झाला. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती, यांच्या पुढाकाराने शहरातली नामवंत मंडळी तिथे जमली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ कृष्ण गोखले त्यांत होते. कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटे आली. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता कप हातात धरला. पुढे ‘पुणे वैभव’ पत्रात उपस्थितांची नावे छापून आली आणि शहरात गहजब झाला. मिशनऱ्यांच्या हातचा चहा प्यायला म्हणून ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली. रानड्यांनीही अखेर १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत या प्रकरणाची हकिगत लिहून ठेवली आहे.

ही गोष्ट आपण बहुतेक वेळा सनातनी आणि सुधारक यांच्या भांडणाची म्हणून सांगतो. तिची दुसरी बाजू अशी, की पंचहौदच्या फाटकातून आत जाणाऱ्या सामान्य, गरीब, तथाकथित खालच्या जातीच्या माणसाला तिथे मिळणारा कप हा सन्मानाचा होता. ज्याला गावच्या पाणवठ्यावर जागा नव्हती, त्याला एका पंगतीत बसवणारी ही जागा होती. चर्चचे महाराष्ट्रातले नैतिक भांडवल हेच आहे. म्हणूनच त्याचा हिशेब चर्चला वारंवार द्यावा लागणार.

पंगतीचे हे वचन पुण्यात कोणी पाळले?

अनेकांनी पाळले. जोतीराव फुले पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फरार यांची मुलींची शाळा पाहून त्यांना मुलींसाठी शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली आणि १८४८ मध्ये भिडे वाड्यातली शाळा सुरू झाली. फुले ख्रिस्ती झाले नाहीत. पण शिक्षण ही कोणा एका जातीची मिरास नाही, हा विचार मिशनच्या बाकांवर त्यांना दिसला, हे नाकारता येत नाही.

सर्वांत मोठे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८८२ मध्ये पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाबद्दल साक्ष दिली. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलेले शारदा सदन पुढच्याच वर्षी पुण्यात आले. तिथल्या काही मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जात आहेत म्हणून १८९३ मध्ये वादळ उठले आणि सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकर बाहेर पडले.

शारदा सदनात मुख्यतः उच्चवर्णीय विधवा होत्या आणि त्यांना आपापले जातीचे नियम पाळायची मोकळीक होती. १८९६ पासूनच्या दुष्काळांनी हे चित्र बदलले. रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणि नंतर गुजरातेतून उपासमारीने मरणाऱ्या मुली-बायका आणल्या. त्यांत सगळ्या जातींच्या होत्या. पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ती सदनात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जवळपास दोन हजार जणी राहत होत्या. शेती, विणकाम, छापखाना सगळे त्याच चालवत. रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई ब्रेल शिकल्या आणि तिथे अंध स्त्रियांना शिकवू लागल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले बायबलचे सोपे मराठी भाषांतरही तिथल्या बायकांच्याच हातून छापले गेले.

आजच्या भाषेत ‘समावेशन’ म्हणतात ते हेच. रमाबाईंनी त्यावर ठराव केला नाही. धान्याची कोठारे, विहिरी आणि खिळे जुळवण्याची कामे उभी केली.

रमाबाई चर्चशीही का भांडल्या?

हा भाग कमी सांगितला जातो. इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे असा विचार पुढे आला, तेव्हा हिंदुस्थानातल्या इंग्रज बिशपांनी हरकत घेतली. स्त्रीने पुरुषांना शिकवणे त्यांना रुचले नाही. रमाबाईंनी याचा खरमरीत समाचार घेतला. आपण मायदेशी पुरुषांपुढे व्याख्याने दिली आहेत, मग इथेच अडचण का, असा त्यांचा रोख होता. धर्म बदलला म्हणून आपली बुद्धी आणि स्वातंत्र्य दुसऱ्याच्या ताब्यात दिलेले नाही, हे त्यांनी आपल्या ख्रिस्ती मार्गदर्शक भगिनींनाही पत्रांतून वारंवार बजावले.

नारायण वामन टिळकांचेही असेच. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा कवी अनेक वर्षे मिशनमध्ये राहिला, पण १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत ही त्यांची कल्पना. परदेशी मिशनच्या चौकटीत देशी माणसाला बरोबरीचे स्थान नाही, ही खंत त्यामागे होती. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त सोवळे-ओवळे हळूहळू कसे गळून पडले, हे त्यांनी स्वतःच मोकळेपणाने सांगितले आहे. म्हणजे बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात एका क्षणात धुतली जात नाही, हे मराठी ख्रिस्ती समाजाच्या पहिल्या पिढ्यांनाच ठाऊक होते.

१९५० चा आदेश काय सांगतो?

आता आजच्या प्रश्नाकडे येऊ. राष्ट्रपतींनी १० ऑगस्ट १९५० रोजी अनुसूचित जातींबाबतचा आदेश काढला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदानुसार हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जात नाही. १९५६ मध्ये त्यात शीख आणि १९९० मध्ये बौद्ध यांचा समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेरच राहिले. अनुसूचित जमातींना मात्र धर्माची अट नाही. आदिवासी माणूस ख्रिस्ती झाला तरी त्याचा जमातीचा दर्जा कायम राहतो.

याचा अर्थ महाराष्ट्रात काय होतो, तो समजून घ्यायला हवा. नगर, जालना भागातल्या एखाद्या गावात एकाच वस्तीतली, एकाच मूळ जातीची दोन कुटुंबे धरा. एका कुटुंबाचे आजोबा मिशनच्या काळात ख्रिस्ती झाले, दुसऱ्याचे १९५६ मध्ये बाबासाहेबांबरोबर बौद्ध झाले. दोघांची घरे शेजारी, दोघांना गावाने ठेवलेले नाव एकच. बौद्ध कुटुंबातल्या मुलीला अनुसूचित जातीचा दाखला मिळतो. ख्रिस्ती कुटुंबातल्या मुलीला मिळतो तो ओबीसीचा. इतकेच नाही, दोघींवर एकाच माणसाने जातीवरून अत्याचार केला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा एकीच्या बाजूने उभा राहतो, दुसरीच्या नाही. शिवी देणारा धर्म विचारून शिवी देत नाही. कायदा मात्र धर्म विचारतो.

न्यायालयात काय झाले?

सुसाई विरुद्ध भारत सरकार या खटल्यात १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, धर्मांतरानंतरही जातीमुळे येणारी विपन्नता तितक्याच तीव्रतेने टिकून आहे, हे दाखवायला हवे. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये तिसरा परिच्छेद काढून टाकून हा दर्जा धर्मनिरपेक्ष करावा अशी शिफारस केली. केंद्र सरकारने ती स्वीकारली नाही. ख्रिस्ती आणि इस्लाम धर्मांत अस्पृश्यतेची परंपरा नाही, असा युक्तिवाद सरकारने न्यायालयात केला. ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, श्रद्धा एका धर्मावर आणि केवळ आरक्षणासाठी दावा दुसऱ्या धर्माचा, हे संविधानाशी केलेले कपट ठरेल असे म्हटले.

या शेवटच्या निकालाने अनेक कुटुंबांची कोंडी पुन्हा उघड केली. कागदावर हिंदू आणि रविवारी चर्चमध्ये, अशी दुहेरी आयुष्ये अनेक जण जगतात. मुलाच्या फीची सवलत आणि आपल्या नावापुढचा धर्म यांतले एक निवडायला लावणे हा अन्याय आहे. जातीचे ओझे धर्म बदलल्याने उतरत नसेल, तर त्यावरचा इलाज धर्म बदलल्याने काढून घेणे तर्काला धरून नाही. या मागणीला माझा स्पष्ट पाठिंबा आहे.

मग मंडळीची अडचण कुठे आहे?

अडचण अशी, की ही मागणी करताना चर्चला एक कबुली द्यावी लागते. ‘आमच्या लोकांना अजूनही जातीचे चटके बसतात’ हे न्यायालयात सांगायचे आणि ‘ख्रिस्तात सगळे एक आहेत’ हे उपदेशात सांगायचे, या दोन वाक्यांच्या मध्ये जी जागा आहे, तिथे मंडळीचे रोजचे जगणे घडते. चटके फक्त बाहेरून बसतात, की आतूनही, हा प्रश्न टाळून मागणी पूर्ण होत नाही.

डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न फार आधी विचारला. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलताना त्यांनी सामाजिक अन्यायाविरुद्ध आणि राजकीय हक्कांसाठी लढण्यातल्या या समाजाच्या उदासीनतेवर बोट ठेवले. धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवर त्यांनी लिहिलेले निबंध पुढे महाराष्ट्र शासनाने त्यांच्या समग्र लेखनाच्या पाचव्या खंडात प्रसिद्ध केले. धर्मांतरानंतर जात चर्चमध्येही पाठोपाठ आली, ही त्यांची टीका तिथे सविस्तर आहे. १९८० च्या दशकात महाराष्ट्रातूनच गेलेल्या अरविंद निर्मल यांनी दलित धर्मशास्त्राचा पाया घातला. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले आणि चर्चमध्ये जातिभेद पाळला जातो, तो पाप आहे, असे लेखी मान्य केले. २०२२ मध्ये हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे दलित समाजातून आलेले पहिले कार्डिनल झाले. शिखरावर हालचाल आहे. प्रश्न पायथ्याचा आहे.

तमिळनाडूत काही ठिकाणी दफनभूमीत जातींमध्ये भिंती उभ्या राहिल्या. आपल्याकडे भेद इतका उघड दिसत नाही. तो लग्नाच्या बोलण्यांत दिसतो: ‘मूळचे कोण तुम्ही?’ हा प्रश्न स्थळ पाहताना ख्रिस्ती घरांतही निघतो. तो कमिटीच्या निवडणुकीत कोणत्या घराण्याची आडनावे पुन्हा पुन्हा येतात, यात दिसतो. जुन्या पुणेकर ख्रिस्ती घरांत आणि मराठवाड्यातून कामासाठी आलेल्या कुटुंबांत बाकांचे जे अंतर राहते, त्यात दिसतो. कुणी कुणाला मुद्दाम दूर बसवत नाही. फक्त कुणी जवळ बोलावत नाही.

मंडळीचा कारभार चालतो कसा?

हे समजल्याशिवाय न्यायाची चर्चा हवेत राहते. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया हे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा प्रोटेस्टंट परंपरा एकत्र येऊन झालेले चर्च. त्याच्या मंडळीत सभासद पास्टोरेट कमिटी निवडतात. पाळक, खजिनदार, चिटणीस आणि सभासद मिळून पैसा, इमारत आणि कार्यक्रम ठरवतात. कॅथलिक धर्मग्रामात धर्मगुरूंना सल्ला देणारी परिषद असते. तिचा अधिकार सल्ल्यापुरता आहे. पण प्रत्येक धर्मग्रामात वित्त समिती असलीच पाहिजे, असे चर्चचा कायदा सांगतो. अनेक स्वतंत्र पेंटेकॉस्टल मंडळ्या एखाद्या पास्टरभोवती आणि ट्रस्टभोवती चालतात.

म्हणजे निर्णय घेणाऱ्या खुर्च्या मोजता येण्याजोग्या आहेत. त्या खुर्च्यांवर कोण बसते, हे मोजले की ‘सर्वांचे स्वागत’ किती खरे, ते कळते.

स्त्रियांचे काय?

चर्चच्या कामाचा मोठा भार बायका वाहतात: रविवार शाळा, आजाऱ्यांच्या भेटी, महिला मंडळ, प्रीतिभोजनाचा स्वयंपाक. वेदीपाशी मात्र चित्र वेगळे असते. चर्च ऑफ साऊथ इंडियात २०१३ मध्ये ई. पुष्पा ललिता पहिल्या महिला बिशप झाल्या. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाही स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा देते. कॅथलिक चर्चमध्ये ती नाही, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये रोमच्या सिनडमध्ये स्त्रियांनी प्रथमच मतदान केले.

मराठी ख्रिस्ती स्त्रियांना कायद्यातही वाट पाहावी लागली. १८६९ च्या घटस्फोट कायद्यानुसार पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होते. पत्नीला मात्र व्यभिचाराबरोबर क्रौर्य किंवा परित्यागासारखे आणखी कारण दाखवावे लागे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये प्रगती वर्गीस प्रकरणात ही विषमता रद्द केली आणि २००१ मध्ये संसदेने कायदा बदलला. छळ सोसणाऱ्या बाईला ‘प्रार्थना कर, घर मोडू नकोस’ एवढाच सल्ला मंडळीत मिळत असेल, तर तो बदल अजून बाकांपर्यंत पोहोचलेला नाही.

हीच कसोटी तक्रारींची. दहा किंवा अधिक जण काम करत असतील तिथे २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती लागते. बालकावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. चर्च, वसतिगृह आणि मिशनची शाळा याला अपवाद नाहीत. तक्रार पाळकांकडेच करायची असेल आणि तक्रार पाळकांविरुद्धच असेल, तर त्या व्यवस्थेला न्याय म्हणता येणार नाही.

‘आताच हे कशाला?’ हा आक्षेप रास्त आहे का?

काही अंशी आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. देशात अनेक ठिकाणी प्रार्थनासभांवर हल्ले होतात, धर्मांतराचे आरोप होतात. अशा वेळी घरातली धुणी चव्हाट्यावर धुतली, तर विरोधकांच्या हाती आयते कोलीत मिळेल, ही भीती खोटी नाही. ‘बघा, तिकडे जाऊनही जात सुटत नाही’ असे म्हणणारे टपलेलेच आहेत.

पण या भीतीला गप्प बसणे हे उत्तर नाही, आणि याला दोन कारणे आहेत. एक, सुसाई निकालाने मागितलेला पुरावा कोण देणार? धर्मांतरानंतरही भेद टिकतो हे दाखवणारी माहिती मंडळीकडेच आहे. ती लपवली तर दलित ख्रिस्ती कुटुंबाचाच दावा कमकुवत होतो. सरकार ‘तुमच्यात अस्पृश्यता नाही’ म्हणते आणि चर्चही तेच म्हणते, मग मधल्या मुलीने दाखला कुठून आणायचा? दुसरे, ज्याच्या अंगणात प्रश्न विचारता येतात, त्या घरावरचा विश्वास वाढतो. रमाबाईंनी सनातन्यांशी आणि बिशपांशी एकाच वेळी भांडण केले. त्यामुळे त्यांची बाजू दुबळी झाली नाही. आज दोन्ही बाजू त्यांचे नाव आदराने घेतात.

काय करता येईल?

मोठ्या घोषणांची गरज नाही. पुण्यातली कोणतीही मंडळी पुढच्या वार्षिक सभेत काही साध्या गोष्टी करू शकते.

पहिली, कमिटीवर गेल्या दहा वर्षांत कोण होते, याची यादी सभेपुढे ठेवावी: स्त्रिया किती, तरुण किती, बाहेरगावाहून आलेली कुटुंबे किती. एखादे नाव तीनदा आले असेल तर चौथ्यांदा दुसऱ्याला संधी द्यावी.

दुसरी, दलित ख्रिस्ती सभासदांना हवे असल्यास, नाव न छापता, आपले अनुभव नोंदवता येतील अशी व्यवस्था करावी. आयोगापुढे आणि न्यायालयात उपयोगी पडेल असे साहित्य त्यातून उभे राहील.

तिसरी, मिशनच्या शाळा-कॉलेजांतल्या प्रवेशांत आणि फी-सवलतींत समाजातल्या सर्वांत गरीब मुलांचा वाटा किती, हे दरवर्षी सांगावे. पुण्यातल्या नामांकित ख्रिस्ती शाळांचे प्रवेश सधन घरांनाच मिळतात, अशी कुजबुज अनेक वर्षे आहे. आकडे मांडले की कुजबुज थांबेल किंवा सुधारणा सुरू होईल.

चौथी, तक्रार समितीत किमान एक बाहेरची, चर्चच्या पगारावर नसलेली स्त्री असावी आणि तिचा फोन नंबर नोटीस बोर्डावर असावा.

पाचवी, जुन्या दगडी चर्चच्या पायऱ्यांना उतार करून घ्यावा. व्हीलचेअरवरच्या माणसाला चार जणांनी उचलून आत नेणे यात प्रेम आहे, पण त्याला स्वतःहून आत येता येणे यात सन्मान आहे. तृतीयपंथी व्यक्ती उपासनेला आली तर कुजबुज न होता तिला बाकावर जागा मिळते का, हेही त्याच खात्यात मोजावे.

यांतल्या एकाही गोष्टीसाठी रोमची, दिल्लीची किंवा नागपूरची परवानगी लागत नाही. पैसाही फारसा लागत नाही. लागते ती वार्षिक सभेत हात वर करून प्रश्न विचारण्याची सवय, आणि तो प्रश्न विचारणाऱ्याला ‘फूट पाडतो’ न म्हणण्याची शिस्त.

१८९० मध्ये पुणेकरांना एका कपाने धर्म बुडेल असे वाटले होते. धर्म बुडाला नाही. बुडाली ती कोणाच्या हातचे प्यावे, याची उतरंड, आणि तीही अर्धीमुर्धीच. उरलेली उतरंड उतरवण्याचे काम सरकारचे आहे, न्यायालयाचे आहे, तसेच दर रविवारी एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणाऱ्या मंडळीचेही आहे. १९५० च्या आदेशाचा निकाल कधी लागेल, हे मंडळीच्या हातात नाही. पुढच्या वार्षिक सभेत खुर्चीवर कोणाला बसवायचे, हे आहे.